जोड-औषधांची कसोटी

एका औषधाने गुण येईना की दुसरे जोडून पाहावे, हे माणसाला सहज सुचते. आम्ही संघटनेच्या कामात मुरलेली माणसे. दोघे एकत्र आले की बळ वाढते, यावर आमची श्रद्धा. पण वैद्यकाचा इतिहास सांगतो की जोड कामाची की नुसतीच भर, हे मोजूनच ठरवावे लागते.

१९४८ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसीनची चाचणी प्रसिद्ध केली. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रोग्यांपैकी ४ दगावले; न मिळालेल्या ५२ पैकी १४. पण जंतू औषधाला सरावले आणि पुढे तो लाभ ओसरला. १९५० साली त्याच मंडळाने दाखवून दिले की ‘पॅस’ची जोड दिल्यास हा सराव बराचसा रोखता येतो.

कर्करोगातही आज तोच प्रश्न उभा आहे. शरीराच्या संरक्षक पेशींना निसर्गाने लगाम घातले आहेत. कर्करोग त्यांचाच फायदा उठवतो. हे लगाम सोडविण्याची वाट ॲलिसन आणि होंजो यांनी दाखविली. त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तरी पुष्कळ रोग्यांना या औषधांनी गुण येत नाही, किंवा आलेला टिकत नाही. मग नवे औषध देताना जुन्या प्रकारचे चालू ठेवावे की सोडावे?

२०२३ साली दोन उत्तरे आली. त्वचेच्या मेलानोमा कर्करोगात ९२ रोग्यांवर चाचणी झाली. नुसत्या इपिलिमुमॅबने ९ टक्के रोग्यांच्या गाठी आक्रसल्या. जुन्या प्रकारचे निवोलुमॅबही सोबत दिले तेव्हा २८ टक्क्यांच्या. मूत्रपिंडाच्या कर्करोगात ५२२ रोग्यांना घेऊन हाच प्रश्न विचारला गेला. नुसत्या कॅबोझँटिनिबने रोग सुमारे पावणेअकरा महिने आवरला. ॲटेझोलिझुमॅब जोडूनही मुदत वाढली नाही. गंभीर त्रास मात्र ३३ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेला.

प्रश्न एक, उत्तरे परस्परविरुद्ध! नुसत्या तर्काने ती कोणाला सांगता आली असती? ज्यांच्या हाती दिवस थोडे उरले होते, अशा माणसांनी या तुलनेत भाग घेतला. त्यांच्यामुळे पुढच्या रोग्यांचा व्यर्थ त्रास आणि व्यर्थ खर्च वाचतो. अयशस्वी म्हणून बाजूला टाकलेल्या चाचणीचेही हे ऋण आपण मानले पाहिजे.