श्वेत बटूचे जुने अंक

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे बखरी, सनदा, महजर, फार तर एखाद्या वाड्यातील रोजकीर्दीचे कागद आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. एका खेळाला वाहिलेल्या मासिकाचे पिवळे पडलेले अंक या पंक्तीत बसवावेत, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही आले नव्हते. दिल्लीचा रविवारचा जुना पुस्तकबाजार २०१९ साली दर्यागंजच्या पदपथावरून उठून महिला हाट येथे गेला. तेथील एका ढिगात आम्हांला 'व्हाइट ड्वार्फ' या इंग्रजी मासिकाचे सात-आठ विखुरलेले अंक मिळाले होते. त्या वेळी चित्रे चाळून आम्ही ते बाजूस ठेवले. पुढे बदलीचा हुकूम आला, सामानातून रद्दीत काय टाकावे याचा विचार सुरू झाला, आणि तो गठ्ठा पुन्हा हाती लागला. या खेपेस मात्र तो वाचून काढला. वाचता वाचता असे जाणवू लागले की, नियतकालिक कोणाच्या बळावर जगते आणि त्याचा आवाज कशाने बदलतो, याचा एक चांगला दाखला या क्षुल्लक वाटणाऱ्या कागदांत दडलेला आहे.

हे मासिक ज्या खेळातून जन्मास आले, त्याची ओळख प्रथम करून दिली पाहिजे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे सहकारी डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. एका पेटीत तीन पुस्तिका, आणि पहिली आवृत्ती अवघी १००० प्रतींची! या खेळात सोंगट्यांसारखा ठरीव पट नाही आणि शेवटी कोणी जिंकत वा हरतही नाही. एकाने सूत्रधार व्हावयाचे आणि भुयारे, किल्ले, राक्षस व खजिने यांचे जग वर्णन करावयाचे. इतरांनी योद्धा, जादूगार अशी सोंगे घेऊन त्या जगात काय करणार ते सांगावयाचे. आणि यशापयश फाशांवर सोडावयाचे. कीर्तनकाराने आख्यान लावावे आणि नायकाचे पुढचे पाऊल श्रोत्यांनीच ठरवावे, तसाच हा प्रकार म्हणावयाचा.

त्याच सुमारास, म्हणजे १९७५ साली, लंडनमध्ये इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक या तीन मित्रांनी राहत्या घरातच 'गेम्स वर्कशॉप' नावाचा छोटा व्यवसाय थाटला. पीक हे लाकडी खेळ तयार करीत. सोबतीला 'आउल अँड वीझल' नावाचे एक साधेसुधे पत्रक निघू लागले. त्याची एक प्रत गायगॅक्स यांच्यापर्यंत पोहोचली आणि त्यांनी आपला खेळ लंडनला धाडला. लिव्हिंगस्टन व जॅक्सन यांनी मागणी नोंदविली ती सहा प्रतींची. पण तेवढ्या भांडवलावर त्यांना सबंध युरोपातील विक्रीचा तीन वर्षांचा एकाधिकार मिळाला. पुढे पत्रकाची जागा १९७७ च्या जून-जुलैमध्ये 'व्हाइट ड्वार्फ' या द्वैमासिकाने घेतली. या नावात एक श्लेष आहे. खगोलशास्त्रात श्वेत बटू हा ताऱ्याचा एक प्रकार आहे, आणि लोककथांत बुटका हे एक अद्भुत पात्र आहे. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा या दोहोंच्या वाचकांना एकाच नावाने हाक मारावी, ही त्यामागील कल्पना.

पहिल्या काही अंकांतील मजकूर पाहिला म्हणजे त्या मंडळींच्या गांभीर्याचे कौतुक वाटते. डॉन टर्नबुल यांनी पहिल्या तीन अंकांत एक गणिती पद्धत मांडली. राक्षसाची मारक शक्ती, त्याचा चिवटपणा, त्याचे विशेष गुण यांचा हिशेब करून तो किती धोकादायक आहे हे एका आकड्यात सांगावयाचे! आम्हां कारकुनी पेशातील माणसांना या खटाटोपाचे मर्म चटकन कळते. ज्याची भीती वाटते त्याचे कोष्टक मांडले की भीती थोडी आवाक्यात येते. याच सुमारास ल्युइस पल्सिफर यांनी खेळाडूंचे दोन वर्ग पाडून दाखविले. एकास हा डावपेचांचा खेळ म्हणून हवा असतो, तर दुसऱ्यास त्यातून कादंबरी जगावयाची असते. त्या खेळात हा वाद अद्यापि मिटलेला नाही. शास्त्र अजून बाल्यावस्थेत होते. पण त्याचे टीकाकार आणि भाष्यकार त्याच्याबरोबरच जन्मास आले होते.

परंतु आमचे मन सर्वांत अधिक रमले ते 'फीन्ड फॅक्टरी' या सदरात. राक्षसांचा कारखानाच तो! वाचकांनी आपापल्या कल्पनेतील राक्षस लिहून पाठवावेत आणि संपादकांनी ते निवडून छापावेत, असा त्याचा रिवाज. पाठविणाऱ्यांत शाळकरी मुलेही असत. चार्ल्स स्ट्रॉस नावाच्या अशाच एका मुलाने 'गिथ्यांकी' ही योद्ध्यांची जात कल्पिली. नाव त्याने जॉर्ज मार्टिन यांच्या एका कादंबरीतून उचलले होते. ती १९७९ साली या मासिकात अवतरली. सदरातील निवडक राक्षसांचा 'फीन्ड फोलिओ' हा ग्रंथ १९८१ साली अमेरिकन कंपनीने काढला, तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर हाच गिथ्यांकी विराजमान झाला. तो मुलगा पुढे विज्ञानकथालेखक म्हणून नावारूपास आला. २०२३ साली 'बाल्डर्स गेट ३' हा संगणकीय खेळ जगभर गाजला. त्यातील एक प्रमुख पात्रही याच जातीचे आहे. शाळकरी पोराने टपालाने धाडलेला एक कागद चाळीस वर्षांहून अधिक काळ असा चालत राहिला.

सदरांइतकेच लक्ष वेधून घेतात त्या लहान जाहिराती आणि वाचकांची पत्रे. या खेळास एकटा माणूस निरुपयोगी असतो. चार-सहा समानशील सोबती लागतात आणि लहान गावात ते सापडावयाचे कसे? तेव्हा सोबती शोधावयाचे, मंडळाची वर्दी द्यावयाची, नियमांचा कीस काढावयाचा आणि संपादकास चार खडे बोल सुनवावयाचे, हे सारे या पानांतूनच चाले. घरापासून दूर, परभाषिकांच्या वस्तीत मराठी बोलणारे शेजारघर ज्याने कधी शोधले असेल, त्याला त्या बारीक टायपातील चार ओळींचे मोल वेगळे सांगावयास नको.

पुढील पालट समजण्यासाठी व्यापाराकडे पाहावे लागते. एकाधिकाराची मुदत संपली. १९८० साली अमेरिकन कंपनीने इंग्लंडात स्वतःची शाखा उघडली आणि तिची सूत्रे टर्नबुल यांच्याकडेच गेली. दुसऱ्याचा माल विकणाऱ्याच्या दारात मूळ मालकच येऊन बसला, की त्याला स्वतःचा माल निर्माण करावा लागतो. गेम्स वर्कशॉपने तेच केले. तिच्याशी संलग्न असलेली 'सिटाडेल' कंपनी धातूच्या चिमुकल्या मूर्ती ओतीत असे. त्या मूर्तींना रणांगण हवे म्हणून १९८३ साली 'वॉरहॅमर' हा खेळ निघाला आणि हळूहळू त्यानेच सारे घर व्यापले.

१९८६ साली मासिकाचे कार्यालय लंडनहून नॉटिंगहॅमला हलविण्याचे ठरले. बदलीचे दुःख सर्वत्र सारखेच! कित्येकांनी जावयाचे नाकारले. त्या वर्षीच्या ७७ व्या अंकाची अनुक्रमणिका वरवर पाहता निरुपद्रवी दिसते. पण तिच्यातील नोंदींची आद्याक्षरे ओळीने वाचली असता कंपनीच्या प्रमुखास नाव घेऊन 'चालते व्हा' असे सांगणारा, फारसा सभ्य नसलेला संदेश उमटतो. पुढे १९८८ च्या सुमारास, शंभराव्या अंकाच्या आसपास, इतरांच्या खेळांना मासिकात थारा उरला नाही. कागद गुळगुळीत झाला, रंग झळाळले, छपाई देखणी झाली. मात्र वाचकांचा कारखाना बंद पडला.

येथे घाईने निवाडा करणे बरे नव्हे. अमेरिकेतील 'द ड्रॅगन' हे याच खेळाचे मासिक १९७६ साली निघाले आणि ३५९ अंकांनंतर २००७ साली त्याची छपाई थांबली. 'व्हाइट ड्वार्फ' मात्र आजही निघते. ज्याने स्वतःचा माल विकला तो तगला, हे नाकारता येत नाही. पगार, कागद आणि टपालखर्च केवळ स्नेहावर भागत नाहीत. परंतु तगणे निराळे आणि बोलते राहणे निराळे. उद्याच्या इतिहासकारास १९९५ सालचा एखादा अंक मिळाला, तर कंपनी काय विकीत होती ते त्यास नेमके कळेल. १९७९ सालच्या अंकातून मात्र माणसे काय कल्पीत होती, कशावर भांडत होती आणि कोणाला शोधीत होती, ते कळते. साधन म्हणून दुसरा अंक अधिक मोलाचा, आणि तो मोलाचा ठरला तो संपादकांच्या विद्वत्तेपेक्षा वाचकांच्या टपालामुळे.

परमुलखात निघणाऱ्या मराठी मासिकाच्या वाचकांनाही यातून घेण्यासारखे काही आहे. अंक आला, वाचला आणि ठेवून दिला, एवढ्याने आपले कर्तव्य संपत नाही. आपल्या गावच्या मंडळाची हकीकत, एखाद्या लेखातील चूक, एखादी आठवण, एवढेसे टपालात टाकले तरी पुढे कोणी तरी त्यावरून आपला काळ ओळखील. आमच्या गठ्ठ्यापुरते सांगावयाचे, तर तो रद्दीत गेला नाही. सामानाच्या यादीत आम्ही त्याची स्वतंत्र नोंद केली आहे आणि नव्या मुक्कामी तो आमच्याबरोबर येत आहे.