उन्हाची साक्ष

जानेवारी २०२४ मध्ये जागतिक हवामान संघटनेने एक निवेदन प्रसिद्ध केले. सिसिली बेटावरील सिराकूझ शहरानजीक ११ ऑगस्ट २०२१ रोजी नोंदले गेलेले ४८.८ अंश सेल्सिअस हे तापमान तपासाअंती ग्राह्य ठरले असून, युरोप खंडातील ती सर्वोच्च अधिकृत नोंद होय, असा त्याचा आशय होता. संत पौलाचे रोमकडे निघालेले जहाज जेथे तीन दिवस थांबले, ते नव्या करारातील सुराकूस म्हणजे हेच नगर. पारा चढला तो एका दुपारी. त्या आकड्यावर शिक्कामोर्तब होण्यास मात्र जवळजवळ अडीच वर्षे लागली.

एका आकड्यासाठी एवढा विलंब का लागावा, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. उन्हाळा कोणालाही कळतो. त्यासाठी पंडित लागत नाही. परंतु ‘आमच्या गावचे ऊन तुमच्या गावापेक्षा कडक’ असे म्हटले की तेथे तुलना आली, आणि तुलना आली की दोन्ही गावांचे माप एकच आहे काय, हा प्रश्न आला. युरोपातील सर्वांत उष्ण ठिकाण कोणते याचा शोध म्हणजे वस्तुतः या सामाईक मापाचा शोध आहे. त्याचा इतिहास साडेतीनशे वर्षांहून अधिक जुना असून तो मनोरंजक तर आहेच, पण गंभीरही आहे.

या इतिहासाचा आरंभ इटलीत होतो. गॅलिलिओच्या काळातील उष्णतादर्शक नळी हवेला उघडी असे. त्यामुळे हवेचा दाब बदलला तरी तिच्यातील द्रव वरखाली होई. टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनांड याच्या दरबारी नळीत मद्यार्क भरून तिचे तोंड बंद करण्याची युक्ती प्रचारात आली आणि खराखुरा तापमापक हाती आला. १६५४ मध्ये या ड्यूकने एकाच घडणीचे तापमापक निरनिराळ्या नगरांना पाठविले. फ्लॉरेन्स, पिसा, बोलोन्या, पार्मा, मिलान ही इटालियन नगरे त्यांत होती, तशीच इन्सब्रुक, पॅरिस व वॉर्सा ही दूरची नगरेही होती. या योजनेची सूत्रे लुइजी अंतिनोरी या येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाती होती, आणि नोंदी घेणाऱ्यांत मठवासीयांचा भरणा मोठा होता. ते साहजिकच होते. ठरलेल्या प्रहरी उठणारा, लिहिता-वाचता येणारा आणि वर्षानुवर्षे एकाच जागी राहणारा माणूस त्या काळी मठाबाहेर सहजासहजी कोठे मिळणार? फ्लॉरेन्सच्या मठात एक तापमापक उत्तरेच्या बाजूस व दुसरा दक्षिणेच्या बाजूस टांगलेला असे. म्हणजे, यंत्र कोठे ठेवले आहे यावर आकडा अवलंबून असतो, ही गोष्ट त्या मंडळींच्या ध्यानी आली होती.

हे जाळे १६६७ मध्ये मोडले. फ्लॉरेन्स आणि वालोम्ब्रोझा येथील नोंदी तेवढ्या १६७० पर्यंत चालल्या. मागे राहिलेले आकडे मात्र दीडशे वर्षे मुके होते, कारण त्या तापमापकांचे अंश म्हणजे आजचे किती अंश, हे कोणालाच ठाऊक नव्हते. एकोणिसाव्या शतकात ती जुनी काचेची उपकरणे सापडली, नव्या तापमापकांशी त्यांचा मेळ घातला गेला आणि मगच त्या वह्या बोलू लागल्या.

दुसरा प्रयत्न जर्मनीतील मानहाइम येथे झाला. १७८० मध्ये इलेक्टर कार्ल थिओडोर याच्या आश्रयाने तेथे हवामानशास्त्रीय मंडळ स्थापन झाले. त्याचे कार्यवाह योहान याकोब हेमर हे स्वतः धर्मगुरू होते. त्यांनी जुळवून तपासलेली उपकरणे केंद्रांना पुरविली आणि सर्वत्र सकाळी सात, दुपारी दोन व रात्री नऊ या वेळा ठरवून दिल्या. एकच यंत्र, एकच वेळ, एकच वही, अशी ही शिस्त होती. क्रांतिकाळातील युद्धांत हे मंडळही लयास गेले. परंतु बव्हेरियातील होहेनपाइसेनबर्ग या डोंगरावर ऑगस्टिनियन मठवासीयांनी १७८१ मध्ये सुरू केलेल्या नोंदी आजही, शासकीय वेधशाळेच्या रूपाने, चालू आहेत. ऑस्ट्रियातील क्रेम्सम्युन्स्टर येथील बेनेडिक्टाइन मठातील नोंदी तर १७६२ पासूनच्या आहेत. पृथ्वी तापत आहे असे आज शास्त्रज्ञ ठामपणे सांगू शकतात, त्यामागे अशा अनामिक लेखनिकांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या उभ्या आहेत.

यंत्र आणि वेळ यांचा प्रश्न सुटला तरी जागेचा उरलाच होता. तापमापकावर थेट ऊन पडले तर तो हवेचे नव्हे, स्वतःचेच तापमान सांगतो. तापलेल्या भिंतीशेजारी ठेवला तर तो भिंतीची कथा सांगतो. यावर उपाय सुचविला तो स्कॉटलंडचे दीपगृह-अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी. प्रख्यात कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे हे वडील. १८६४ मध्ये त्यांनी दुहेरी झडपांच्या लाकडी पेटीची रचना प्रसिद्ध केली. पांढरा रंग दिलेल्या या पेटीतून वारा खेळतो, पण ऊन आत शिरत नाही. हिरवळीवर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर उभी असलेली अशी पेटी पुढे जगभर रूढ झाली. ज्याला आपण ‘सावलीतील तापमान’ म्हणतो, ते या पेटीतले.

ही पेटी सर्वत्र पोहोचण्यापूर्वीचे आकडे म्हणूनच जपून घ्यावे लागतात. स्पेनमधील सेव्हिल येथे ४ ऑगस्ट १८८१ रोजी ५० अंश तापमान होते, असे अनेक ग्रंथांनी वर्षानुवर्षे छापले. त्या काळी तापमापकाला आजच्यासारखा प्रमाणित आडोसा नव्हता. म्हणून ती नोंद आज मानली जात नाही. भूमध्य समुद्राच्या पलीकडे, तेव्हा इटलीच्या ताब्यात असलेल्या लिबियातील अल् अझिझिया या ठाण्यावर १३ सप्टेंबर १९२२ रोजी ५८ अंशांची नोंद झाली आणि ती नव्वद वर्षे जगातील सर्वोच्च म्हणून शाळेच्या पुस्तकांत मिरवली. जागतिक हवामान संघटनेच्या समितीने मूळ कागद तपासले, तेव्हा तेथे नुकताच नवा निरीक्षक आला होता, असे हस्ताक्षरावरून दिसले. त्याच्या हाती असलेल्या जुन्या तऱ्हेच्या तापमापकात दर्शक खुणेचे चुकीचे टोक वाचले तर सुमारे सात अंशांचा फरक पडत असे. आसपासच्या केंद्रांचे आकडेही त्याच्याशी जुळेनात. २०१२ मध्ये तो विक्रम रद्द झाला. या तपासात लिबियाच्या हवामान खात्यातील खालिद अल् फदली यांचा वाटा मोठा होता. २०११ च्या यादवीत कित्येक महिने त्यांचा सहकाऱ्यांशी संपर्क तुटला होता. तरीही त्यांनी काम सोडले नाही. आपल्याच देशाचा जागतिक विक्रम खोडून काढण्याच्या कामी त्यांनी हा धोका पत्करला, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते.

जुनेच आकडे चुकतात असेही नाही. २५ जुलै २०१९ रोजी जर्मनीतील लिंगेन येथे ४२.६ अंश तापमान नोंदले गेले आणि तो राष्ट्रीय विक्रम म्हणून जाहीर झाला. पुढे शेजारच्या केंद्रांशी तुलना करता लिंगेनचा पारा संशयास्पद रीतीने वर दिसला. भोवतालच्या झाडीमुळे तेथे वारा कोंडत होता. डिसेंबर २०२० मध्ये जर्मन हवामान खात्याने स्वतःच ती नोंद मागे घेतली, आणि त्याच दिवशी दुसऱ्या दोन ठिकाणी मोजलेले ४१.२ अंश हा जर्मनीचा विक्रम ठरला. आपल्याकडे मे २०२४ मध्ये नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखविले होते; तो संवेदकाचा बिघाड असल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले. यंत्र नवे आहे म्हणून ते सत्यवादी असतेच असे नाही. दोघांच्या किंवा तिघांच्या साक्षीने प्रत्येक गोष्ट शाबीत व्हावी, हा जुना न्याय तापमापकालाही लागू पडतो.

अशा चाळणीतून ग्रीसची नोंद दीर्घकाळ टिकली होती. १० जुलै १९७७ रोजी अथेन्सजवळील एलेफ्सिना व तातोई या दोन ठिकाणी ४८ अंश तापमान होते. चव्वेचाळीस वर्षे हाच युरोपचा उच्चांक मानला गेला. सिसिलीतीलच कातेनानुओवा येथील १९९९ चा ४८.५ अंशांचा आकडा बराच गाजला, परंतु त्याला मान्यता मिळाली नाही. २०२१ मध्ये मात्र सिराकूझच्या शेतीविषयक हवामान केंद्राने अथेन्सला मागे टाकले. ते केंद्र ज्या वस्तीत आहे तिचे नाव ‘मोनास्तेरी’, म्हणजे मठ. हा केवळ योगायोग; पण १६५४ ची आठवण देणारा.

तर मग सिराकूझ हेच युरोपातील सर्वांत उष्ण ठिकाण म्हणावे काय? येथे प्रश्नाचीच फोड करावी लागते. उच्चांक हा एका दिवसाचा असतो. उन्हाळा महिनोन् महिने चालतो. दररोजच्या दुपारची सरासरी काढली तर मान दक्षिण स्पेनमधील ग्वादलकिवीर नदीच्या खोऱ्याकडे जातो. उत्तरेस सिएरा मोरेना, दक्षिणेस दुसऱ्या डोंगररांगा आणि केवळ पश्चिमेकडे, दूरवर, समुद्राला उघडे असलेले हे खोरे भट्टीसारखे तापते. कोर्दोबा येथे जुलै महिन्याचे सरासरी कमाल तापमान, १९८१ ते २०१० या तीस वर्षांच्या हिशेबाने, ३६.९ अंश भरते. सेव्हिलचे ३६ अंश. या दोहोंच्या मधल्या एसिखा गावाला लोक ‘आंदालुसियाचा तवा’ म्हणतात. स्पेनचा ४७.६ अंशांचा उच्चांकही कोर्दोबा प्रांतातील ला राम्बला येथे, ऑगस्ट २०२१ मध्येच नोंदला गेला. परंतु कोर्दोबात रात्री हवा बरीच निवते. समुद्रकाठच्या दाट वस्तीच्या नगरांत ती निवत नाही. रात्रीचा हिशेब मांडला की क्रम पुन्हा बदलतो.

हा केवळ आकड्यांचा खेळ नव्हे. ऑगस्ट २००३ मध्ये पॅरिसचा पारा चाळीसच्या खालीच होता. कोर्दोबाच्या माणसाने त्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. पण रात्रीही तो पंचविशीच्या खाली उतरेना. त्या उन्हाळ्यात एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसे दगावली. युरोपभरातील मृत्यूंचा अंदाज सत्तर हजारांहून अधिक आहे. त्यांत वृद्ध आणि एकाकी माणसे फार होती. पत्र्याच्या छपराखालच्या खोल्यांत कित्येकांनी एकट्यानेच प्राण सोडले. ज्यांच्या पार्थिवावर कोणी हक्क सांगितला नाही अशा सत्तावन्न जणांना ३ सप्टेंबर २००३ रोजी पॅरिसलगतच्या थिए येथील दफनभूमीत मूठमाती देण्यात आली; राष्ट्राध्यक्ष झाक शिराक तेथे उपस्थित होते. दुसऱ्या वर्षी फ्रान्सने उष्णतेच्या इशाऱ्याची योजना आखली. तीत प्रत्येक जिल्ह्यासाठी दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानाच्या वेगवेगळ्या मर्यादा ठरविल्या आहेत. कोणत्या दारावर कधी थाप द्यायची, हे आता त्या आकड्यांवरून ठरते. तरीही २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात साठ हजारांहून अधिक माणसे उष्णतेने मरण पावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

म्हणूनच खोटा आकडा निरुपद्रवी नसतो. १८८१ चे सेव्हिल खरे मानले तर ‘पूर्वीही असेच ऊन होते’ असे म्हणून आजच्या तापमानवाढीकडे डोळेझाक करता येते. बिघडलेल्या यंत्रावर भिस्त ठेवली तर उद्याच्या खऱ्या इशाऱ्यावरील लोकांचा विश्वास उडतो. युरोप हा आज जगातील सर्वाधिक वेगाने तापणारा खंड आहे आणि सिराकूझचा आकडाही कधी ना कधी मागे पडेल. तेव्हा पुन्हा कोणीतरी जुन्या वह्या उघडील, पेटीची जागा पाहील, शेजारच्या केंद्रांना विचारील. या खटपटीला कोणी किचकट कारकुनी म्हणेल. आम्ही तिला माणसांच्या प्राणांची राखण म्हणतो.