४८ केबीचं आभाळ

बाबांनी गड्डा यात्रेतून आणलेल्या त्या वस्तूला आमच्या घरात सगळे 'कॉम्प्युटर' म्हणायचे. सोलापूरला जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिथल्या एका स्टॉलवर तो मिळाला होता. पिवळट कीबोर्ड, दोन रिमोट आणि वर खोचायची एक कॅसेट. कॅसेटवर ओळीने नऊ-नऊ छापून लाखो गेम असल्याचा दावा होता. खरे गेम बारा-पंधरा, बाकी तेच पुन्हा नाव बदलून. सोबत 'बेसिक'ची वेगळी कॅसेट होती. मी तेव्हा चौथीत होतो. दोन दिवस खपून मी त्यात एक पतंग केला, म्हणजे टीव्हीवर खालून वर सरकणारा एक चौकोन. तो वर पोचायच्या आत लोडशेडिंगची वेळ झाली. लाईट आली तेव्हा पतंग नव्हता, कारण सेव्ह करायची सोय त्या डब्यात निदान मला तरी सापडली नव्हती.

आता मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पगार मिळतो त्या कामात मी जे लिहितो, ते दुसऱ्याच्या लायब्ररीवर चालतं, ती तिसऱ्याच्या फ्रेमवर्कवर, आणि सगळ्याच्या तळाशी नक्की काय चाललंय हे ऑफिसातल्या कुणालाच पूर्ण माहीत नसतं. हे कुणाविरुद्धचं गाऱ्हाणं नाही, काम असंच चालतं. पण दोन वर्षांपूर्वी एका रात्री मी 'झेडएक्स स्पेक्ट्रम नेक्स्ट' या कॉम्प्युटरसाठी लिहिलेला एक नवा गेम पाहिला आणि मला तो पतंग आठवला. हे यंत्र पूर्णपणे समजून घेता येईल असं वाटलं. मग मी त्याच्या इतिहासात शिरलो.

मूळ झेडएक्स स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ ला ब्रिटनमध्ये जाहीर झाला. केंब्रिजचे क्लाइव्ह सिंक्लेअर यांची कंपनी. १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. त्या काळी बीबीसी मायक्रोचं 'बी' मॉडेल ३९९ पौंडांना होतं, यावरून अंदाज घ्या. (हाच बीबीसी मायक्रो पुढे १९८४च्या 'क्लास' प्रकल्पातून भारतातल्या शाळांमध्ये आला. स्पेक्ट्रमही आपल्याकडे 'डेसीबेल्स' कंपनीच्या 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावाने बनला, पण तोवर उशीर झाला होता.) स्पेक्ट्रमला रबराच्या कळा होत्या, स्क्रीन म्हणजे घरातला टीव्ही आणि स्टोरेज म्हणजे घरातला टेपरेकॉर्डर. गेम लोड व्हायला पाचेक मिनिटं लागायची, तोवर टीव्हीच्या कडेला रंगीत पट्टे नाचायचे आणि कान किटवणारा आवाज यायचा.

पण स्वस्ताई कुठून तरी येते. स्पेक्ट्रमच्या बाबतीत ती रंगांतून आली. स्क्रीनवर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एक बिट, म्हणजे ६,१४४ बाइट. प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग द्यायचा तर मेमरी कितीतरी पट लागणार, म्हणून स्क्रीनचे ८ बाय ८ ठिपक्यांचे ७६८ चौकोन पाडले आणि एका चौकोनात फक्त दोनच रंग, असा नियम केला. आणखी ७६८ बाइट. एकूण ६,९१२ बाइटमध्ये रंगीत स्क्रीन! हिशोब म्हणून अप्रतिम. पण हिरवा माणूस लाल झाडाजवळून गेला की झाड हिरवं व्हायचं. याला 'कलर क्लॅश' म्हणतात. गेम लिहिणाऱ्यांनी त्यावर तोडगे काढले. १९८४चा 'नाइट लोअर' आख्खी खोली एकाच रंगात काढतो. लोकांनी त्याला शैली म्हटलं. मुळात ती अडचण होती.

१९८६ साली सिंक्लेअरचा कॉम्प्युटर धंदा अ‍ॅमस्ट्रॅडने ५० लाख पौंडांना विकत घेतला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्पेक्ट्रम बनणं थांबलं. त्यासाठी गेम लिहिणं मात्र थांबलं नाही. सोव्हिएत रशियात आणि पूर्व युरोपात लोकांनी त्याच्या नकला बनवल्या, त्यांना स्थानिक नावं दिली आणि त्यावर एक आख्खी पिढी प्रोग्रामिंग शिकली. ब्राझीलमध्ये परदेशी कॉम्प्युटरवर निर्बंध होते, तिथे १९८५ला 'टीके९०एक्स' ही नक्कल निघाली. ब्राझील लक्षात ठेवा. कारण नेक्स्टचं मूळ लंडनमध्ये नाही, तिथे आहे.

व्हिक्टर ट्रुको आणि फाबियो बेलावेनुटो या ब्राझीलच्या दोघांनी 'टीबीब्ल्यू' नावाचा बोर्ड बनवला, एफपीजीए चिपवर. एफपीजीए म्हणजे कोरी चिप, आत कोणती सर्किट जोडायची ते फाइलमधून सांगता येतं. फाइल बदलली की यंत्र बदललं. एम्युलेटर हा प्रोग्राम असतो, तो जुन्या यंत्रासारखं वागतो. इथे मात्र खरंच तारा जुळतात. मूळचेच ब्राझीलचे आणि ब्रिटनमध्ये गेम बनवणारे एन्रिके ऑलिफिअर्स यांनी यात पुढाकार घेतला आणि ठरलं की यातून नुसती नक्कल करायची नाही. स्पेक्ट्रम बंद पडलाच नसता तर पुढचं मॉडेल कसं असतं, ते बनवायचं. बाहेरचा डबा डिझाइन करायला त्यांनी रिक डिकिन्सन यांना गाठलं. १९८२चा मूळ स्पेक्ट्रम त्यांनीच घडवला होता.

पैसे मागण्याची वेळ मात्र वाईट होती. २०१६ला स्पेक्ट्रमच्याच नावाने 'व्हेगा प्लस' या हातातल्या गेमयंत्रासाठी लोकांकडून पाच लाख पौंडांहून जास्त रक्कम जमा झाली होती आणि ते यंत्र काही येत नव्हतं. पुढे २०१८ला मोजक्या लोकांना मिळालं, बाकीच्यांना नाही, आणि २०१९ला कंपनीच गुंडाळली गेली. हे घडत असतानाच २३ एप्रिल २०१७ ला, मूळ स्पेक्ट्रमच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, नेक्स्टची मोहीम किकस्टार्टरवर आली. मागितले अडीच लाख पौंड. आले सात लाखांच्या वर, तीन हजारांहून जास्त लोकांकडून.

यांनाही उशीर झालाच. यंत्र जानेवारी २०१८ला देऊ म्हणाले होते. एप्रिल २०१८ मध्ये डिकिन्सन कॅन्सरने गेले, आपला डबा लोकांच्या टेबलावर पोचलेला त्यांनी पाहिला नाही. कीबोर्डचं काम वारंवार लांबलं. पूर्ण यंत्रं घरोघरी जायला २०२० उजाडलं. पण इथे फरक काय पडला ते बघा. ज्यांनी नुसता बोर्ड मागवला होता त्यांना तो २०१७च्या शेवटी मिळाला होता. डब्याविना, कीबोर्डाविना. त्या उघड्या बोर्डांवर लोक लिहीत सुटले. 'लेमिंग्ज' बनवणाऱ्या चमूतले माइक डेली यांनी 'सीस्पेक्ट' हा एम्युलेटर केला, म्हणजे ज्यांच्याकडे बोर्डही नाही तेही लॅपटॉपवर लिहू लागले. गॅरी लँकेस्टर यांनी ऑपरेटिंग सिस्टीम आणि नवं बेसिक लिहिलं. सीमध्ये लिहायचं तर 'झेड८८डीके' हा कंपायलर होताच. यंत्र यायच्या आधी सॉफ्टवेअर तयार होतं. माझ्या मते उशिरातही लोकांचा विश्वास टिकला तो यामुळे. काहीतरी हलतंय हे त्यांना दर आठवड्याला दिसत होतं.

आता नेक्स्टमध्ये आहे काय? तोच झेड८० प्रोसेसर, थोडा वाढवलेला. वेग ३.५ मेगाहर्ट्झपासून २८ पर्यंत. मेमरी एक एमबी, वाढवून दोन. २५६ रंग, एका वेळी १२८ हार्डवेअर स्प्राइट (म्हणजे मागच्या चित्राला धक्का न लावता हलणाऱ्या आकृत्या), एचडीएमआय, एसडी कार्ड. आणि जुन्या झेड८०ला गुणाकार येत नव्हता, बेरजा करत बसावं लागायचं, ती सूचना नव्याने दिली आहे.

मला सगळ्यात आवडली ती दुसरी एक सूचना. जुन्या स्क्रीनची मेमरी सरळ क्रमाने नाही. पहिली ओळ, मग आठ सोडून नववी, मग सतरावी, असं करत स्क्रीनचा एक तृतीयांश भाग भरतो. म्हणून टेपवरून चित्र लोड होताना खिडकीच्या पट्ट्यांसारखं उमटायचं. ठिपका कुठे आहे हे शोधायला दरवेळी बिटांची कसरत. नेक्स्टवाल्यांना हा क्रम सरळ करता आला असता. पण मग १९८२पासूनचा प्रत्येक गेम मोडला असता. म्हणून क्रम तसाच ठेवला आणि ती कसरत एका फटक्यात करणारी 'पिक्सेलएडी' ही सूचना प्रोसेसरमध्येच घातली. जुन्या सिस्टीमला हात न लावता वर नवं काहीतरी बांधलेलं ज्याने कधी नोकरीत पाहिलंय, तो हे वाचून हसेल.

जुन्या लोकांचा आक्षेप असा की एवढं दिल्यावर तो स्पेक्ट्रम राहिलाच कुठे? ६,९१२ बाइटमध्ये बसवणं हीच तर कला होती. मला हा आक्षेप आधी पटायचा. मग मी पतंग करायला घेतला.

आधी ४८ केबी मोडमध्ये. दोन पतंग, एक पिवळा, एक लाल. उडवणं जमलं. पण पतंगाच्या खेळात मजा कधी? पेच लागल्यावर. आणि पेच म्हणजे दोन पतंग एकमेकांना भिडणार, म्हणजे एकाच चौकोनात येणार, म्हणजे दोघांचा रंग एकच होणार. ऐन काटाकाटीच्या क्षणी कुणाचा कटला तेच कळेना! कलर क्लॅशबद्दल शंभर ठिकाणी वाचलं होतं, त्याचा अर्थ त्या रात्री कळला.

मग नेक्स्ट मोडमध्ये गेलो. पतंग स्प्राइट झाले, क्लॅश गेला, दहा मिनिटांत. म्हटलं, आता मागे ढगांचं आभाळ सरकवू. 'लेयर २' नावाच्या नव्या स्क्रीनवर प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा एक बाइट असतो. २५६ गुणिले १९२ म्हणजे ४९,१५२ बाइट. हा आकडा नीट बघा. ४८ गुणिले १,०२४ म्हणजेही ४९,१५२. जुन्या स्पेक्ट्रमची आख्खी मेमरी आता एका आभाळात जाते.

आणि ते आभाळ प्रोसेसरकडून हलवायला गेलो तर गेम अडखळायला लागला. कागद घेऊन बसलो. झेड८०ला एक बाइट इकडून तिकडे न्यायला, ठरलेली सूचना वापरली तर, २१ ठोके लागतात. १९८२ला ६,१४४ बाइटना साधारण १ लाख २९ हजार ठोके, आणि टीव्हीच्या एका फ्रेममध्ये मिळायचे सत्तर हजार. जवळपास दुप्पट. आज २८ मेगाहर्ट्झला फ्रेममध्ये मिळतात ५ लाख ६० हजार, आणि ४९,१५२ बाइटना लागतात १० लाख ३२ हजार. पुन्हा जवळपास दुप्पट! वेग आठपट झाला, चित्रही आठपट झालं. म्हणजे १९८२ला गेम लिहिणारा जिथे अडला होता, बरोब्बर तिथेच मी अडलो होतो. कला गेलीय वगैरे म्हणणाऱ्यांना मी आता हा कागद दाखवतो.

सुटका तेव्हाही युक्तीनेच व्हायची, आताही युक्तीनेच झाली. चित्र हलवायचंच नाही. ते कुठून दाखवायला सुरुवात करायची तेवढा आकडा हार्डवेअरला सांगायचा, आणि दर वेळी फक्त उजव्या कडेची नवी उभी रांग, १९२ बाइट, भरायची. वरचे ढग हळू आणि खालची घरं जोरात सरकायला हवी होती. त्यासाठी 'कॉपर' आहे. स्क्रीन रंगवली जात असताना ठरलेल्या ओळीवर तो हा आकडा बदलतो. नाव आणि कल्पना दोन्ही १९८५च्या अमिगावरून उचललेली.

स्पेक्ट्रमला आयुष्य दिलेले जुने लोकही असेच परत आले आहेत. १९८७ला 'डिझी' लिहिणारे फिलिप आणि अँड्र्यू ऑलिव्हर हे जुळे भाऊ २०२०ला 'वंडरफुल डिझी' घेऊन आले, ओझच्या गोष्टीवर बेतलेला. जुन्या १२८ केबीच्या स्पेक्ट्रमवरही चालतो, नेक्स्टवरही, आणि फुकट. त्याच वर्षी नेक्स्टची दुसरी मोहीम झाली, अठरा लाख पौंडांची. ती चिपटंचाईत रखडली, पण यंत्रं आली.

माझ्याकडे यंत्र नाही, मी एम्युलेटरवरच लिहितो. गेल्या संक्रांतीला पतंगाचा व्हिडिओ करून बाबांना पाठवला. तासाभराने उत्तर आलं, "मांजा कुठंय?"

खरंच, मांजा नव्हता. आणि तो स्प्राइटमध्ये बसत नाही, कारण तो लांब, तिरका आणि सतत हलणारा. लेयर २ वर काढावा तर मागचं आभाळ पुसलं जातं. शेवटी मी १९८२चा जुना स्क्रीन, तोच ६,९१२ बाइटचा, पारदर्शक करून सगळ्यांच्या वर ठेवला आणि त्यावर मांजा काढला. मांजा पांढरा, दोन्ही पतंगांचा पांढराच, त्यामुळे कितीही पेच लागो, रंगांची भांडणं होत नाहीत. तिरकी रेघ ठिपक्या-ठिपक्याने काढावी लागते, तिथे पिक्सेलएडी वापरलंय. वाऱ्याने मांज्याला झोल येतो तो भाग अजून नीट जमलेला नाही.