जुन्या संगणकाचा दुभाष्या

यंत्रांच्या इतिहासांत शोधकांचीं नांवें टिकतात. दोन यंत्रांमध्यें बोलणें घडवून आणणारे मात्र बहुधा विस्मृतींत जातात. डॉस या जुन्या कार्यप्रणालीला जाळ्यांत आणण्याचा वृत्तांत हा अशाच एका मध्यस्थाचा वृत्तांत आहे.

१९८१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत आय-बी-एम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, व त्याबरोबर मायक्रोसॉफ्टची डॉस ही कार्यप्रणाली आली. एक मनुष्य, एक यंत्र आणि एका वेळीं एकच काम, ही तिची मूळ कल्पना. कळफलक, पडदा, चकती व छपाईयंत्र यांची व्यवस्था तिच्यापाशीं होती. परंतु शेजारच्या खोलींतील संगणकाशीं बोलावें कसें, याविषयीं तिचा पहिला अवतार मूकच होता. वास्तविक बोलण्याचें साधन त्यापूर्वींच निघालें होतें. कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें झेरॉक्सच्या संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ यांनीं १९७३ सालीं ईथरनेटची कल्पना मांडली, व डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्यानें ती प्रत्यक्षांत आणली. पुढें मेटकाफ यांनीं सहकाऱ्यांसह १९७९ सालीं थ्रीकॉम ही कंपनी काढली. तिनें १९८२ सालीं आय-बी-एमच्या संगणकांत बसणारें ईथरनेट-कार्ड विक्रीस ठेवलें.

येथूनच खरी अडचण सुरू झाली. कार्ड यंत्रांत बसविलें म्हणजे काम झालें, असें नव्हतें. निरनिराळ्या कंपन्यांच्या कार्डांची घडण निराळी, आणि म्हणून त्यांना चालविणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तोही निराळा. जाळ्यावर काम करणाऱ्या प्रोग्रॅमांत कार्डाची ही भाषा पुष्कळदां आंतच विणलेली असे; त्यामुळें कार्ड बदललें कीं प्रोग्रॅम निकामी होई. शिवाय एका प्रोग्रॅमानें कार्ड ताब्यांत घेतलें कीं दुसऱ्याला दार बंद. ज्या कचेरींत नोव्हेल कंपनीची फाइलव्यवस्था चालू असे, तेथेंच इंटरनेटची पद्धतही हवी झाली, तर मोठाच पेंच पडे.

हा पेंच सोडविण्याचा एक मार्ग १९८६ सालीं स्थापन झालेल्या एफ-टी-पी सॉफ्टवेअर या कंपनीनें दाखविला. तिच्या ‘पॅकेट ड्रायव्हर’ या योजनेंतील युक्ति साधी होती. कार्डाची भाषा जाणणारा एक दुभाष्या संगणकाच्या स्मृतींत कायम बसवावयाचा, आणि बाकीच्या प्रोग्रॅमांनीं केवळ त्याच्याशींच बोलावयाचें. त्याला हांक मारण्यासाठीं षोडशमान पद्धतींतील ६० पासून पुढचा एक इंटरप्ट-क्रमांक योजलेला असतो. त्या जागीं खरोखरच दुभाष्या बसला आहे कीं नाहीं, हें कळावें म्हणून त्याच्या आरंभाशीं ‘पी-के-टी डी-आर-व्ही-आर’ या अक्षरांची खूण ठेवलेली असते. प्रोग्रॅम त्याला आपल्याला हवीं तीं पाकिटें कोणतीं, हें प्रथम सांगून ठेवतो. इंटरनेटच्या पाकिटावर ०८०० हा अंक असतो, पत्त्याचा शोध घेणाऱ्या पाकिटावर ०८०६. पाकीट आलें म्हणजे ड्रायव्हर त्याच्या धन्याला दोनदां हांक मारतो: प्रथम तें ठेवावयास जागा मागतो, आणि मग ठेवल्याची वर्दी देतो. अशा रीतीनें निरनिराळ्या पाकिटांचे धनी एकाच कार्डावर सुखानें नांदूं लागले.

तरीही हा दुभाष्या कामास लावणें सोपें नव्हतें. नोव्हेलच्या एन-ई-२००० या प्रसिद्ध कार्डाचें उदाहरण पहावें. त्याच्या ड्रायव्हरला तीन अंक द्यावे लागत: हांकेचा क्रमांक, कार्डाची इंटरप्ट-वाहिनी आणि त्याच्या द्वाराचा पत्ता. नेहमींची वाहिनी ३ आणि नेहमींचें द्वार ३००. परंतु ३ हीच वाहिनी संगणकाच्या दुसऱ्या सीरियल-द्वाराचीही असे! अशा वेळीं ड्रायव्हर कार्डाचा अठ्ठेचाळीस अंशांचा पत्ता बिनचूक वाचून दाखवी, सर्व कांहीं ठीक भासे, आणि एकही पाकीट हातीं येत नसे. कारण पत्ता वाचावयास द्वार पुरतें. पाकीट आल्याची हांक मात्र वाहिनीवरूनच यावयाची. मग यंत्र उघडून कार्डावरील चिमुकल्या जोडपट्ट्या हलवाव्या लागत.

न्यूयॉर्क राज्यांतील क्लार्कसन विद्यापीठांत रसेल नेल्सन यांनीं निरनिराळ्या कार्डांचे असे ड्रायव्हर एकत्र केले, व ते मूळ लिखाणासह सर्वांस खुले ठेवले. हा संग्रह पुढें क्रिनवर या नांवानें प्रसिद्ध झाला. या औदार्याचें मोल नंतर कळलें. एफ-टी-पी सॉफ्टवेअर १९९८ सालीं दुसऱ्या कंपनींत विलीन झाली; थ्रीकॉम २०१० सालीं व नोव्हेल २०११ सालीं परक्या हातीं गेल्या. परंतु योजना आणि ड्रायव्हर उरले. त्यांच्याच आधारावर मायकेल ब्रुटमन यांनीं एम-टी-सी-पी हा प्रोग्रॅमसंच रचला, आणि १९८१ सालचा संगणकही त्याच्या योगानें आजच्या जाळ्याशीं बोलूं शकतो.

हा केवळ हौशी मंडळींचा खेळ नव्हे. त्या जुन्या यंत्रांच्या चकत्यांवर कोणाचे हिशेब, कोणाचे प्रबंध, कोणाचे अर्धवट ग्रंथ पडून आहेत. चुंबकीय चकती कालांतरानें झिजते. तिच्यावरील मजकूर वेळींच बाहेर काढला नाहीं, तर तो कायमचा जातो. तो बाहेर काढण्याची वाट पुष्कळदां याच कार्डांतून जाते. ज्याच्या ड्रायव्हरची विद्या कोणीं कुलुपांत ठेवली, तें कार्ड त्याच्या धन्याबरोबर मुकें झालें. ज्याची विद्या वाटली गेली, तें अद्यापि बोलत आहे.