जयंतीचे पुस्तक : शहापूर-मुरबाडच्या वाचनालयांसाठी

गावच्या वाचनालयात लेखकाची जयंती बहुधा तसबीर, हार आणि दोन भाषणांत उरकते. त्या दिवशी त्याचे पुस्तक किती जणांनी घरी नेले, हे देवघेवीच्या नोंदवहीत पाहावे. जयंती कशी झाली ते तिथे कळते. जन्मदिवसाचे निमित्त धरून ग्रंथनिवड करणे हा ग्रंथपालाच्या कामाचा फार रसाळ भाग आहे.

ठाणे जिल्ह्याची वाचनालये जुनी. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. डोंगराकडच्या या दोन तालुक्यांत मात्र पाड्यावरच्या वाचकाला पुस्तक जवळ नाही, म्हणून निवड अधिक जपून करावी लागते.

ऑगस्टच घ्या. १ तारखेला अण्णा भाऊ साठे, १२ला ग्रंथालयशास्त्राचे आचार्य एस. आर. रंगनाथन, १४ला गोदावरी परुळेकर. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हा रंगनाथनांचा नियम. त्या नियमाने पाहिले तर इथल्या टेबलावर पहिला मान गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ला द्यावा. वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याचे हे पुस्तक १९७०चे. १९७२मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या किसान परिषदेनंतर तो लढा पेटला, ती जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला भरली होती. आसनगावहून लोकलने कल्याणला जाणारा मुलगा रोज टिटवाळा स्टेशन ओलांडतो. त्याच्या हाती हे पुस्तक द्या.

बहिणाबाई चौधरींची छापील जन्मतारीख २४ ऑगस्ट १८८०. जन्मतिथी म्हणून नागपंचमी सांगतात. मी नागपंचमीच धरीन, कारण त्या दिवशी बायका एकत्र जमतात. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मृत्यूनंतर, १९५२मध्ये पुस्तकरूपाने आली. मुरबाडमधल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. उतारवयात अक्षरे गिरवणाऱ्या तिथल्या आज्यांसाठी ‘बहिणाबाईंची गाणी’हून योग्य पुस्तक मला सुचत नाही. शक्य असेल तर मोठ्या टायपात द्यावे, आणि आधी वाचून दाखवावे.

आता थोडी अवघड बाब. या भागातल्या अनेक वडीलधाऱ्यांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी घरांत लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बायांची, तारपा वाजवणाऱ्यांची जयंती कोणत्या कॅलेंडरात शोधायची? केवळ तारखांवर विसंबलेली निवड त्यांना बाहेर ठेवते, आणि ते मला मान्य नाही. यावर एक वाट गायक कुमार गंधर्वांच्या जयंतीला सापडते. जन्म ८ एप्रिल १९२४. माळव्यातली लोकगीते त्यांनी कान देऊन ऐकली, त्यांतल्या धुनांतून राग उभे केले. एप्रिल हा आपल्याकडे लग्नसराईचा महिना. त्या दिवशी त्यांचे ‘अनूपरागविलास’ मांडावे, मोबाइलवरून त्यांचे गाणे ऐकवावे, आणि शेजारी इथल्या गाण्यांची हस्तलिखित वही ठेवावी.

२७ फेब्रुवारी आणि १५ ऑक्टोबर, म्हणजे कुसुमाग्रज आणि कलाम यांचे दिवस, शासनानेच नेमून दिले आहेत. त्यांवर इथे अधिक लिहीत नाही.

वाचकांना एवढीच विनंती : घरात कोणी गाणे म्हणत असेल तर ते उतरवून घ्या, खाली म्हणणारीचे नाव आणि गाव लिहा, आणि ती वही तुमच्या वाचनालयात दाखल करा.