चालत्या गाडीचे घड्याळ

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत ज्यांनी कॉम्प्युटर ग्राफिक्सचे प्रॅक्टिकल केले, त्यांच्यापैकी अनेकांच्या फाईलमध्ये ‘मूव्हिंग कार’ नावाचा प्रोग्राम असतो. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर तो टाइप करायचा, ‘इनिटग्राफ’ला बीजीआय फोल्डरचा पत्ता द्यायचा, दोन आयत आणि दोन वर्तुळे काढून गाडी उभी करायची, ती पुसायची आणि पाच ठिपके उजवीकडे सरकवून पुन्हा काढायची. दर दोन चित्रांच्या मध्ये ‘डिले’ची एक ओळ असते. ती ओळ गाळली की गाडी दिसायच्या आत पडद्याबाहेर जाते. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि संगणकाची प्रयोगशाळा पुण्या-मुंबईपुरती राहिली नाही. सेवाग्रामचे बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच लाटेतले. बारावीला बायफोकल म्हणून संगणकशास्त्र घेणाऱ्यांच्या अभ्यासक्रमातही सी प्लस प्लस आले, आणि त्यासोबत गावोगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांत टर्बो सी पोचले. या प्रयोगशाळांचा इतिहास लिहायचा तर ‘डिले’ची ती ओळ मध्यभागी ठेवावी लागेल, असे माझे म्हणणे आहे. डॉसवर चालणारे गाड्यांच्या शर्यतीचे खेळ आजच्या संगणकावर का बिघडतात, ते कसे दुरुस्त करावेत आणि मुळात दुरुस्त कशाला करायचे, या तिन्ही प्रश्नांची वाट त्या ओळीतून जाते.

डॉसच्या काळात एका वेळी एकच प्रोग्राम चाले आणि सगळे यंत्र त्याच्या मालकीचे असे. १९८१ च्या आयबीएम पीसीचा ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालत होता. तो आकडा आला अमेरिकन रंगीत टीव्हीच्या संकेतावरून: १४.३१८ मेगाहर्ट्झचा स्वस्तात मिळणारा स्फटिक घेतला, त्याला तिनाने भागून प्रोसेसरचा वेग काढला आणि बाराने भागून घड्याळाच्या चिपचा. त्या चिपचा ठोका सेकंदाला सुमारे १८.२ वेळा पडे, म्हणजे दर ५५ मिलिसेकंदांनी एकदा. काही प्रोग्रामर हा ठोका ऐकून गाडी पुढे सरकवत. पण अठरा ठोके शर्यतीला अपुरे वाटत, शिवाय ते ऐकायचे म्हणजे जास्तीचे कष्ट, म्हणून अनेकांनी सोपी वाट धरली: एक रिकामे लूप काही हजार वेळा फिरवायचे, तेवढाच वेळ जातो. हाताशी असलेल्या यंत्रावर हा हिशेब बरोबर येई. पुढे एटी आले, ३८६ आले, ४८६ आले आणि तेच लूप डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपू लागले. नव्वदीतल्या संगणकांच्या डब्यावर ‘टर्बो’ असे लिहिलेले एक बटण असायचे. नावावरून ते वेग वाढवणारे वाटे, पण त्याचा खरा उपयोग वेगवान यंत्र हळू करून जुने प्रोग्राम चालवण्याचा होता. जुन्या खेळासाठी नव्या यंत्राची गती बांधण्याचा तो पहिला सार्वत्रिक उपाय.

शर्यतीच्या खेळाला याचा फटका इतरांपेक्षा जास्त बसतो. पत्त्यांचा किंवा कोड्याचा खेळ खेळणाऱ्याच्या चालीची वाट पाहत थांबतो, मग यंत्र कितीही वेगवान असो. शर्यतीत मात्र वळण दिसणे, बोटाने कळ दाबणे आणि गाडीने वळणे या तीन क्षणांमधले अंतर हाच खेळ असतो. ते अंतर निम्म्यावर आले तर रस्ता तोच, गाडी तीच, पण माणूस त्या खेळातून बाद होतो. जॉयस्टिक जोडली तरी सुटका नाही. जुन्या गेम पोर्टमध्ये काठी किती झुकली आहे हे विद्युतधारित्र भरायला लागणाऱ्या वेळेवरून ठरे, आणि तो वेळ अनेक प्रोग्राम लूपच्या फेऱ्या मोजून काढत. प्रोसेसर दसपट झाला की मोजणी दसपट होते आणि सरळ धरलेली काठी टोकाला वळलेली वाटते. गाडी सारखी एका बाजूला ओढली जाते, अशी तक्रार आली की लोकांचा पहिला संशय काठीवर जातो, पण बहुतेक वेळा ही मोजणीच चुकलेली असते. जेफ क्रॅमंड यांच्यासारख्या जाणत्या रचनाकाराने हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला होता. १९९६ च्या त्यांच्या ‘ग्रां प्री २’मध्ये एक कळ दाबली की प्रोसेसरवर किती टक्के भार आहे ते दिसते. भार शंभरच्या वर गेला की खेळ चित्रे गाळत नाही, खेळातला वेळच संथ होतो. खेळाच्या घड्याळात फेरीचा वेळ चोख राहतो आणि भिंतीवरच्या घड्याळात तीच फेरी लांबते. पडद्यावरच्या गाडीचा वेग प्रोग्रामच्या ओळींत पूर्णपणे कधीच नव्हता, त्याचा अर्धा भाग यंत्रात होता, हे यावरून स्पष्ट होते.

हे मान्य केले तर दुरुस्तीचा वाद निराळा दिसू लागतो. दुरुस्तीचे दोन पंथ आहेत. पहिला पंथ प्रोग्रामला हात घालतो. बोर्लंडच्या टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कितीतरी प्रोग्राम साधारण दोनशे मेगाहर्ट्झच्या पुढच्या यंत्रांवर सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद पडत. ‘डिले’चे माप ठरवण्यासाठी ५५ मिलिसेकंदांत लूपच्या किती फेऱ्या होतात हे मोजून तो आकडा ५५ ने भागला जाई. यंत्र फार वेगवान असले की भागाकार सोळा बिटांत मावत नसे आणि प्रोसेसर त्याला शून्याने भागल्यासारखी चूक समजे. यावर फाईलमधले मोजके बाइट बदलणारे पॅच निघाले आणि ते चालले. याच पंथात पुढे जाऊन १९९८ मध्ये ‘डिगर’ हा १९८३ चा खेळ नव्याने सीमध्ये लिहिला गेला आणि ‘डेथ रॅली’ या १९९६ च्या शर्यतीची विंडोजसाठी केलेली आवृत्ती २००९ मध्ये मोफत मिळू लागली. दुसरा पंथ प्रोग्रामला बोट लावत नाही, त्याच्याभोवती जुने यंत्र उभे करतो. २००२ पासून उपलब्ध असलेले डॉसबॉक्स हे या पंथाचे मुख्य साधन. त्यात ‘सायकल्स’ हा आकडा दर मिलिसेकंदाला किती सूचना पाळायच्या ते ठरवतो. जुन्या साध्या खेळांसाठी तो मुळात ३००० असतो, आणि कंट्रोल धरून एफ११ किंवा एफ१२ दाबले की कमी-जास्त होतो. मी दुसऱ्या पंथाचा आहे. पॅच केलेला खेळ खेळायला मिळतो, पण तो कुठल्या यंत्रासाठी जुळवला होता हा पुरावा पुसला जातो. मूळ फाईल आणि तिच्याशेजारी लिहिलेला सायकल्सचा आकडा मात्र सांगतो की अमुक खेळ अमुक वेगाला माणसाच्या हाताशी जुळत होता.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे छांदिष्टांचे काम आहे, सामान्य माणसाला याचे काय? त्याचे उत्तर आपल्या प्रयोगशाळांत आहे. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे डॉस प्रोग्राम चालत नाहीत, कारण प्रोसेसर ६४ बिटांच्या अवस्थेत गेला की जुन्या प्रोग्रामसाठीची ८०८६ ची आभासी सोय उपलब्ध नसते. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांतच आले. नियमाने टर्बो सी तिथेच संपायला हवे होते. संपले नाही. डॉसबॉक्सच्या पोटात बसवलेले टर्बो सी प्लस प्लस देशभरच्या महाविद्यालयांत नव्या यंत्रांवर चढवले गेले आणि ज्या मुलांनी डॉस कधी पाहिले नव्हते ती ‘आयोस्ट्रीम डॉट एच’ आणि ‘क्लिअरस्क्रीन’ लिहीत राहिली. सी प्लस प्लसचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ चे आहे, हे साधन त्याच्याही आधीचे. शिकवण्याचे साधन म्हणून ते केव्हाच बाजूला व्हायला हवे होते, आणि ज्या शिक्षकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला त्यांचे बरोबर होते. पण जतनाच्या अंगाने पाहिले तर छंद म्हणून बांधलेल्या अवजारावर एका देशातली प्रॅक्टिकलची परीक्षा उभी राहिली. या सवयीमुळे आपल्याकडे डॉसबॉक्सशी ओळख असलेली फार मोठी पिढी तयार झाली. जुने प्रोग्राम वाचवायला लागणारे पहिले कौशल्य तिच्याकडे आहे.

दुसरा आक्षेप जागेचा. सुरुवातीला उल्लेखलेले सेवाग्रामचे महाविद्यालय वर्ध्याजवळचे, आणि वर्धा म्हटले की सेवाग्राम, पवनार, नई तालीम. त्या मातीत मोटारींच्या खेळाचा विषय उपरा वाटेल. मला तो तसा वाटत नाही, कारण यंत्राचा वेग कशावरून मोजायचा हा वाद तिथल्या गांधीवादी परंपरेने फार बारकाईने केला आहे. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी वाचण्यासारख्या आहेत. किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, एका बाईला रोज आठ तास फारसे न थकता चालवता यायला हवे, यंत्र वीस वर्षे टिकायला हवे आणि वर्षाच्या देखभालीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाता कामा नये. सूत जास्त निघावे ही अपेक्षा होतीच, पण चालवणाऱ्याचा हात आणि दुरुस्ती करणाऱ्याची ऐपत या दोन गोष्टी त्या वेगाला बांधून ठेवल्या होत्या. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते वर्ध्यात मगन संग्रहालय उघडले आणि चरखे, ग्रामोद्योगाची अवजारे तिथे मांडली गेली. चरखा काचेआड ठेवला तर त्याची लांबी-रुंदी कळते. तो फिरवल्यावर कळते ते वेगळे: हाताला किती जोर लागतो, सूत कुठे तुटते, चात किती वेगाने फिरली की धागा धरतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. न चालणारा खेळ म्हणजे नुसती आकड्यांची रास, आणि चुकीच्या वेगाने चालणारा खेळ म्हणजे खोटी साक्ष.

तिसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो सर्वांत वजनदार. आपल्याकडे फिरलेल्या फ्लॉपींतले बरेच खेळ नकललेले होते. अनेक जुने खेळ सुरुवातीला माहितीपुस्तिकेतला शब्द विचारत. ज्यांच्याकडे पुस्तिका नसे त्यांच्या हाती तो अडथळा काढून टाकलेली प्रत येई. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ज्याच्याकडे प्रोग्राम कायदेशीरपणे आहे त्याला त्याची राखीव प्रत काढता येते. २०१२ च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करायची मुभा दिली, पण तिची अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असावी. फ्लॉपी मुळातच डिजिटल, त्यामुळे ज्या वस्तूला वाचवायची घाई सर्वांत जास्त, तिलाच ही मुभा नीट लागू पडत नाही. ही उणीव दूर व्हायला हवी. तोपर्यंत विकाऊ खेळांच्या मागे न लागता सुरुवात विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या प्रोग्रामांपासून करता येईल: त्यांचे प्रकल्प, पंचवीस-तीस ओळींच्या शर्यती, बाणांच्या कळांनी चालणाऱ्या चौकोनी गाड्या. त्यांचे हक्क ज्यांनी लिहिले त्यांच्याकडेच असतात आणि ती माणसे आजूबाजूलाच आहेत, त्यांना विचारता येते. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावते. तिची अख्खी प्रतिमा काढावी, एकेक फाईल उचलू नये, कारण डिस्कवरच्या तारखा आणि खोडलेल्या फाईलींचे अवशेषही पुरावा असतात. प्रतिमेशेजारी डॉसबॉक्सची मांडणीची फाईल ठेवावी आणि तिच्यात सायकल्सचा आकडा, साउंड ब्लास्टरचा २२० हा पत्ता, इंटरप्टचा क्रमांक आणि कुठल्या मूळ यंत्रावर तो प्रोग्राम चाले, हे लिहावे.

खेळांवर बसवलेला हा हात मराठीच्या कामालाही येईल, आणि माझ्या लेखी या खटाटोपाचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. डॉसवर देवनागरी दिसावी म्हणून जिस्ट हे तंत्र आयआयटी कानपूरमध्ये सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. त्याचे कार्ड संगणकात बसवले की साध्या डॉस प्रोग्राममध्येही मराठी लिहिता येई. डॉसबॉक्स साउंड ब्लास्टरची नक्कल करते, जिस्ट कार्डाची करत नाही, कारण जगभरच्या खेळाडूंना त्याची गरज कधी पडली नाही. ज्या फाईली इस्की या सांकेतिक प्रमाणात साठवल्या गेल्या त्यांना आधार आहे: ते भारतीय मानक १३१९४ म्हणून १९९१ मध्ये छापले गेले आणि त्यावरून आजच्या युनिकोडमध्ये मजकूर आणता येतो. पण ज्या फाईलींत अक्षरांऐवजी एखाद्या विशिष्ट फॉन्टमधल्या आकारांचे क्रमांक आहेत, त्या उघडायच्या तर कुठले पॅकेज, कुठला फॉन्ट आणि कुठली आवृत्ती हे ठाऊक असावे लागते, आणि ते फाईलमध्ये बहुधा लिहिलेले नसते. ते त्या काळच्या ऑपरेटरांना आणि डीटीपी करणाऱ्यांना माहीत आहे. विदर्भातल्या छापखान्यांत आणि कचेऱ्यांत काम केलेल्या या लोकांना आता, निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना, गाठून फॉन्टची आणि पॅकेजची नावे लिहून घ्यायला हवीत.