खो-खो, भारतीय महिला संघ

आंतरराष्ट्रीय खो-खो स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व करणारा महिलांचा संघ. महिलांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९६०-६१ मध्ये कोल्हापुरात झाली. पारंपरिक नियमांनुसार आठ खेळाडू आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून चौकोनांत बसतात व नववी पाठलाग करते. संरक्षक तीन-तीनच्या तुकडीने उतरतात. पाठलाग करणारीला मधल्या पाटीतून पलीकडे जाता येत नाही, म्हणून ती बसलेल्या सहकारी खेळाडूला पाठीमागून ‘खो’ देते. साधनखर्च नगण्य असल्याने खेड्यांतील मुलींना हा खेळ जवळचा वाटतो.

संघाच्या जडणघडणीत धाराशिव जिल्ह्याचा वाटा मोलाचा आहे. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला; खो-खोला हा मान २२ वर्षांनी लाभला. तुळजापूर तालुक्याच्या क्रीडा अधिकारीपदीही त्या रुजू झाल्या. २०१९ मध्ये काठमांडूतील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेतही भारताने सुवर्ण राखले.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखालील संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असे नमवून विजेतेपद पटकावले.